शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या आयुष्यात पन्नास वर्षे पूर्ण होणे ही आनंदाची घटना असते. अशा प्रसंगी झालेल्या कार्याचा आढावा घेतला जातो, देणगीदारांचे ऋण व्यक्त होते आणि पुढील संकल्प सोडले जातात. या संकल्पांत आरोग्यसेवेला नेहमीच अग्रस्थान मिळत आले आहे. व्यापारी वर्गाचे दातृत्व आणि रुग्णालय यांचे नाते महाराष्ट्रात फार जुने आहे. मुंबईत १८४५ साली सुरू झालेले रुग्णालय सर जमशेटजी जीजीभाय यांच्या नावाने आजही उभे आहे. पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ साली उभे राहिले ते डेव्हिड ससून यांच्या देणगीतून. दोघेही व्यापारी होते. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत गावोगावच्या पेढीवाल्यांनी, कापडवाल्यांनी आणि धान्याच्या व्यापाऱ्यांनी दवाखाने, प्रसूतिगृहे, नेत्रशिबिरे, रुग्णवाहिका आणि डायलिसिसची यंत्रे यांसाठी सढळ हाताने द्रव्य दिले आहे. त्यांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या जागोजागी दिसतात.

व्यापारी माणसाला ताळेबंद वाचता येतो. रुग्णालयाचा ताळेबंद उघडला की इमारत, यंत्रसामग्री, रुग्णवाहिका आणि फर्निचर यांच्यापुढे दरवर्षी घसारा लावलेला दिसतो. वस्तू वापराने झिजते, म्हणून तिच्या झिजेची तरतूद नफा-तोटा काढण्यापूर्वी करावी, असा हिशेबशास्त्राचा नियमच आहे. क्ष-किरण यंत्राचा वार्षिक देखभाल करार असतो, जनित्राचे तेल ठरल्या वेळी बदलले जाते. परंतु ते यंत्र चालवणारा तंत्रज्ञ, रुग्णाच्या उशाशी रात्र काढणारी परिचारिका, अपघात विभागातील निवासी डॉक्टर आणि फरशी पुसणाऱ्या मावशी यांच्या मनाची झीज कोणत्याही रकान्यात दिसत नाही. त्यांचा पगार खर्चात पडतो आणि विषय तेथेच संपतो. हा न दिसणारा घसारा हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

झीज कशी होते?

सामान्य माणूस आयुष्यात मोजक्या वेळा रुग्णालयाची पायरी चढतो. त्या दिवसांची आठवण त्याला जन्मभर पुरते. त्याच्यासाठी जे अपवादात्मक असते, ते तेथील माणसांसाठी रोजचे असते. रात्री अकरा वाजता एका तरुणाचा मृत्यू घोषित करावा लागतो, त्याच्या आईला ते सांगावे लागते आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी पुढच्या रुग्णाकडे शांत चेहऱ्याने जावे लागते. मधल्या दहा मिनिटांत ते दुःख ठेवायला कोठेच जागा नसते. ते मनाच्या तळाशी साठत राहते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असणे अपेक्षित आहे. अनेक ठिकाणी मात्र एकाच सिस्टरकडे दोन-तीन रुग्ण सोपवलेले दिसतात. कामाचा भार जड असतोच, पण त्याहून अधिक बोचते ते वेगळेच. योग्य काय ते ठाऊक आहे, करण्याची इच्छाही आहे, पण दोन हातांना वेळ पुरत नाही, हे शल्य संवेदनशील मनाला पोखरत राहते. मावशी आणि मामा यांचे दुःख तर कोणाच्या खिजगणतीतही नसते. मृतदेह स्वच्छ करून पांढऱ्या चादरीत गुंडाळण्याचे काम त्यांच्या वाट्याला येते. चार आठवडे ज्या आजोबांना त्यांनी भरवलेले असते, त्यांचेही.

या अवस्थेला वैद्यकशास्त्रात ‘बर्नआउट’ असे नाव आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली त्यावर निबंध लिहिला. त्यांनी ज्या लोकांत ही अवस्था पाहिली, ते न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करणारे ध्येयवादी सेवक होते, ही गोष्ट धर्मादाय संस्थांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे क्रिस्टिना मास्लाक या विदुषींनी तिची तीन लक्षणे स्पष्ट केली: मनाचा पुरता थकवा, रुग्णाविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच चांगले घडत नाही ही भावना. रुग्णालयात एखादी सिस्टर तुटकपणे बोलली की नातेवाईक तिला उर्मट ठरवून मोकळे होतात. तो उर्मटपणा पुष्कळदा दुसरे लक्षण असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या नव्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची नोंद केली, परंतु तिला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याचा हा परिणाम आहे, अशी तिची व्याख्या केली. याचा अर्थ असा की, मूळ कारण सेवकाच्या मनाच्या दुबळेपणात शोधू नये. ते कामाच्या रचनेत शोधावे, आणि ती रचना बदलणे ज्यांच्या हाती असते, ते व्यवस्थापक आणि विश्वस्त असतात.

जागरणाचा हिशेब

सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले. युद्धात त्यांनी सलग बहात्तर तास न झोपता जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, असे सांगितले जाते. १९४२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले. त्या त्यागापुढे प्रत्येक मराठी मस्तक नम्र होते. परंतु तो रणभूमीवरचा आपद्धर्म होता. आपद्धर्माला नित्यनियम केले की त्याग करणाराही संपतो आणि ज्याच्यासाठी त्याग केला तोही धोक्यात येतो.

ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि बुद्धी, रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे त्यांना आढळले. चोवीस तासांच्या जागरणानंतर ही अवस्था १०० मिलिग्रॅमच्या जवळ पोहोचते. भारतात वाहनचालकासाठी ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. जो समाज मद्याला स्पर्शही करत नाही, त्या समाजाच्या रुग्णालयात छत्तीस तास जागलेल्या डॉक्टरच्या हाती शस्त्र द्यावे का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन नावाची अठरा वर्षांची तरुणी रुग्णालयात दाखल झाल्यानंतर काही तासांतच मरण पावली. तिच्या पत्रकार पित्याने दीर्घकाळ जागलेल्या शिकाऊ डॉक्टरांचा प्रश्न लावून धरला. परिणामी १९८९ साली त्या राज्यात निवासी डॉक्टरांच्या कामाची मर्यादा आठवड्याला सरासरी ८० तास ठरली आणि २००३ साली ती संपूर्ण अमेरिकेत लागू झाली. भारतात केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेच्या १९९२ सालच्या निर्देशांत, सलग काम सर्वसाधारणपणे बारा तासांहून अधिक नसावे आणि आठवड्याची सुट्टी मिळावी, असे म्हटले होते. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा आणि एक सुट्टी यांची शिफारस केली. बत्तीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागते, यावरून पहिल्या कागदाचे काय झाले ते कळते.

एका खोलीचा प्रश्न

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांची कथा महाराष्ट्राला परिचित आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी पाळी संपवून घरी निघण्यापूर्वी त्या रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलत होत्या. तेथे त्यांच्यावर पाशवी हल्ला झाला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस होते. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा कधी उठल्या नाहीत. मुंबईतील परिचारिकांनी तेव्हा संप केला. सहकारी भगिनीला योग्य उपचार मिळावेत आणि कामाच्या ठिकाणची परिस्थिती सुधारावी, या त्यांच्या मागण्या होत्या.

त्यानंतर जे घडले त्याला जगाच्या इतिहासात तोड सापडणे कठीण आहे. केईएममधील परिचारिकांनी अरुणाताईंना सुमारे बेचाळीस वर्षे सांभाळले. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तिसरी आली. ज्या मुलींनी त्यांना कधी हिंडता-फिरताना पाहिलेही नव्हते, त्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिला नाही. २०११ साली त्यांच्या दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हा या परिचारिकांनी त्याला विरोध केला. न्यायालयाने तो अर्ज फेटाळला आणि रुग्णालयातील सेवकांच्या शुश्रूषेचा मुक्तकंठाने गौरव केला. १८ मे २०१५ रोजी अरुणाताईंनी देह ठेवला. परिचारिकांच्या माया-ममतेची साक्ष म्हणून ही कथा सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण तिच्यातील एक साधा तपशील नेहमी निसटतो. पाळी संपलेल्या परिचारिकेला कपडे बदलण्यासाठी तळघरात जावे लागत होते.

यानंतर अर्धशतक उलटले. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या तरुण डॉक्टर भगिनीची अत्याचार करून हत्या झाली. दीर्घ पाळीत थोडा विसावा घेण्यासाठी ती सभाकक्षात गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्वतःहून दखल घेऊन राष्ट्रीय कृतिदल नेमले. रात्रपाळीच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना पुरेशा विश्रांतीखोल्या नाहीत, त्यांत स्वच्छतेच्या सोयी नाहीत, या गोष्टींची नोंद न्यायालयाच्या आदेशात आहे.

एका घटनेत कपडे बदलण्याची खोली नव्हती, दुसरीत निजण्याची. केवळ खोली असती तर गुन्हा घडला नसता, असे म्हणता येणार नाही. गुन्ह्याचा दोष गुन्हेगाराचाच. परंतु कोट्यवधी रुपयांच्या इमारतीत सेवा करणाऱ्या स्त्रीसाठी आतून कडी लागणारे एक दार असू नये, यातून त्या सेवेची किंमत काय लावली गेली ते उघड होते. जेथे पाठ टेकायला जागा नाही, तेथे मन शांत ठेवण्याचा उपदेश पोकळ ठरतो.

थाळीनाद आणि त्यानंतर

२२ मार्च २०२० च्या सायंकाळी देशभर गॅलरीत उभे राहून लोकांनी थाळ्या वाजवल्या आणि आरोग्यसेवकांविषयी कृतज्ञता व्यक्त केली. त्याच आठवड्यात दिल्लीतील निवासी डॉक्टरांना गृहमंत्र्यांना पत्र लिहावे लागले, कारण संसर्गाच्या भीतीने घरमालक डॉक्टरांना आणि परिचारिकांना भाड्याच्या खोल्या सोडायला सांगत होते. एप्रिलमध्ये चेन्नईचे मेंदूशल्यविशारद डॉ. सायमन हर्क्युलस करोनाने गेले. त्यांच्या दफनाला जमावाने विरोध केला, दगडफेक केली. शेवटी त्यांच्या एका डॉक्टर मित्राने रात्री मोजक्या सोबत्यांसह स्वतःच्या हातांनी माती लोटली. तीनच दिवसांनी, २२ एप्रिल २०२० रोजी, केंद्र सरकारला आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नोंदीनुसार पहिल्या लाटेतच ७०० हून अधिक डॉक्टर करोनाने मृत्युमुखी पडले.

साथ ओसरली, पण दवाखान्यातील काचा फोडण्याचे प्रकार थांबले नाहीत. महाराष्ट्रात २०१० सालीच त्याविरुद्ध कायदा झालेला आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. असे असूनही रुग्ण दगावला की चाळीस-पन्नास माणसे जमतात, कोणी मोबाइलवर चित्रण करतो, कोणी गळपट्टी धरतो. यातून जो डॉक्टर सुखरूप सुटतो तोही आतून बदललेला असतो. पुढचा गंभीर रुग्ण दारात येताच तो आधी नातेवाइकांची संख्या मोजतो आणि ‘मोठ्या रुग्णालयात न्या’ असे सांगतो. भीतीने केलेल्या या पाठवणीत मोलाची मिनिटे जातात. त्याची किंमत कोणाच्या तरी घरातील माणूस मोजतो.

येथे समाजाचे स्वतःचे कर्तव्य आहे. रुग्णासोबत एक-दोन जबाबदार व्यक्तींनीच डॉक्टरांशी बोलावे. तक्रार असल्यास ती लेखी करावी आणि योग्य त्या ठिकाणी द्यावी. बिलाच्या वादात सिस्टरला किंवा मावशीला बोल लावू नये. दर त्या ठरवत नाहीत. समाजातील ज्येष्ठांच्या शब्दाला मान असतो. अशा प्रसंगी दोन ज्येष्ठांनी पुढे होऊन तरुणांना शांत केले, तर एका जिवाची आणि अनेक मनांची हानी टळू शकते.

न बोललेले दुःख

घरात मुलगा किंवा मुलगी डॉक्टर झाली की कुटुंबाला धन्यता वाटते. स्थळांची रांग लागते, समाजाच्या मेळाव्यात सत्कार होतो. त्या सत्काराच्या हारांखाली दबलेला एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: बाळ, तू झोपतोस का? तुझे बरे चालले आहे का? डॉक्टर म्हणजे इतरांना बरे करणारा, त्याला स्वतःला निराशा कशी येईल, असा एक भ्रम आहे. मुलगी डॉक्टर असेल आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जाते असे कळले, तर जमणारे लग्न मोडेल, अशी भीती आईबापांना वाटते. म्हणून दुःख दाबले जाते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने जी पाहणी केली, तिच्यात २५ हजारांहून अधिक एम.बी.बी.एस.चे आणि ५ हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थी सहभागी झाले होते. पहिल्या गटातील १६.२ टक्के आणि दुसऱ्या गटातील ३१.२ टक्के विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले. म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या जवळजवळ तिघांतील एकाने. या आकड्यांपुढे सत्काराचे हार फिके पडतात.

बाहेरच्या देशांतही हीच अडचण आहे. न्यूयॉर्कमधील आपत्कालीन विभागाच्या डॉक्टर लॉर्ना ब्रीन यांनी करोनाच्या पहिल्या लाटेत रात्रंदिवस काम केले. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. मदत मागितली तर वैद्यकीय परवाना जाईल, ही भीती त्यांना वाटत होती, असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले. त्या कुटुंबाने दुःख गिळून चळवळ उभारली आणि २०२२ साली त्यांच्या नावाचा कायदा अमेरिकेत संमत झाला. आरोग्यसेवकांच्या मनःस्वास्थ्यासाठी निधी आणि प्रशिक्षण देण्याची व्यवस्था त्यात आहे. ब्रिटनमध्ये २००८ सालापासून केवळ डॉक्टरांसाठी आणि दंतवैद्यांसाठी स्वतंत्र गोपनीय उपचारसेवा सुरू झाली. तेथे डॉक्टर स्वतःहून जाऊ शकतो. भारतातही २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. डॉक्टर आणि परिचारिका आजारी पडल्या की त्याही रुग्णच असतात.

ऐकून घेण्याची एक रीत

बॉस्टन शहरातील केनेथ श्वार्ट्झ हे व्यवसायाने वकील. आरोग्यक्षेत्राचे कायदे हा त्यांचा विषय. १९९४ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांना फुप्फुसाचा असाध्य कर्करोग झाल्याचे कळले. उपचारांच्या काळात त्यांनी एक गोष्ट टिपली. औषधांनी जे साधले नाही, ते परिचारिकेच्या हाताच्या स्पर्शाने आणि डॉक्टरांच्या दोन आपुलकीच्या शब्दांनी साधले. त्याच वेळी त्यांना हेही दिसले की, घाईने आणि थकव्याने पिचलेल्या माणसाकडून असा स्पर्श मिळणे दुरापास्त आहे. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. जाण्यापूर्वी त्यांनी एका संस्थेची पायाभरणी केली होती.

या संस्थेने १९९७ पासून मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एक साधा उपक्रम सुरू केला. ठरावीक काळाने रुग्णालयातील सर्व दर्जांचे सेवक तासभर एकत्र बसतात. वरिष्ठ शल्यविशारद, नवखी परिचारिका, सफाई कामगार, स्वागतकक्षातील कारकून, सर्व एकाच वर्तुळात. तीन-चार जण एखाद्या प्रसंगाविषयी बोलतात. रोगाचे निदान बरोबर होते की चूक, ही चर्चा तेथे होत नाही. त्या प्रसंगाने मनावर काय ओरखडा उमटला, एवढेच सांगायचे असते. इतरांनी ऐकायचे असते. उपदेश नाही, दोषारोप नाही आणि तेथील बोलणे बाहेर जात नाही. बैठकीला येणाऱ्यांसाठी अल्पोपाहार ठेवलेला असतो, कारण हा तास जेवणाच्या सुट्टीतून काढावा लागतो.

२००९ पासून हा उपक्रम ब्रिटनमध्येही रुजला. तेथील संशोधकांनी पाहणी केली तेव्हा, बैठकींना नियमित येणाऱ्यांत मानसिक अस्वास्थ्याचे प्रमाण २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आल्याचे आढळले. न येणाऱ्यांत ते ३७ वरून ३४ इतकेच उतरले. एवढ्या फरकासाठी लागले काय? एक खोली, एक तास, थोडा फराळ आणि सूत्रसंचालन करणारी एक प्रशिक्षित व्यक्ती.

विश्वस्तांसमोर काही सूचना

सुवर्णमहोत्सवी वर्षात काही ठोस संकल्प करता येण्यासारखे आहेत. धर्मादाय रुग्णालये चालवणाऱ्या आणि त्यांना साहाय्य करणाऱ्या सर्वच संस्थांना ते लागू पडतील.

पहिली सूचना खोलीची. स्त्री आणि पुरुष सेवकांसाठी स्वतंत्र विश्रांतीखोल्या असाव्यात. त्यांत पलंग, स्वच्छ चादरी, पंखा, जोडून स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची जागा आणि आतून लागणारी भक्कम कडी असावी. खोलीकडे जाणाऱ्या मार्गावर रात्रभर उजेड असावा. मावशींनाही या खोलीत प्रवेश असावा. देणगीदाराची पाटी दर्शनी भागात लागते, तशी ती या खोलीवरही लागावी. त्या पाटीखालून जाणारी प्रत्येक सिस्टर मनोमन दुवा देईल.

दुसरी सूचना अन्नाची. रात्री दहानंतर उपाहारगृह बंद होते आणि रात्रपाळीचा सेवक चहा-बिस्किटांवर पहाट गाठतो. रात्री दोन वाजता गरम खिचडी मिळण्याची व्यवस्था मुळीच खर्चिक नाही. ज्यांना रात्रीचे भोजन वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी सूर्यास्तापूर्वी जेवणाची सुट्टी पाळीच्या वेळापत्रकातच धरावी. श्रद्धा आणि सेवा यांत निवड करण्याची वेळ कोणावर येऊ नये.

तिसरी सूचना समुपदेशकाची. आठवड्यातून काही तास अनुभवी समुपदेशक उपलब्ध असावा. तो व्यवस्थापनाला उत्तरदायी नसावा आणि त्याच्याकडे कोण आले याची नोंद कार्यालयात जाऊ नये. ही हमी नसेल तर त्या दारात कोणीही फिरकणार नाही. त्याचबरोबर केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक परिचारिका कक्षात लावावा. ही निःशुल्क सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती दिवसरात्र उपलब्ध असते आणि मराठीतूनही बोलता येते.

चौथी सूचना महिन्यातून एका तासाची. श्वार्ट्झ यांच्या संस्थेप्रमाणे सर्वांनी एकत्र बसून ऐकण्याचा तास ठेवावा. त्या तासात विश्वस्तांनी हजर राहिलेच पाहिजे असे नाही. पण तो तास कामाचा धरावा, म्हणजे त्याचा पगार कापला जाणार नाही.

पाचवी सूचना रुग्णालयाच्या भिंतींबाहेरची. गावोगावच्या आशा सेविकांना पगार नसतो, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली त्यांचा गौरव केला. गौरवाने पोट भरत नाही आणि थकवाही जात नाही. संस्थेच्या आरोग्य शिबिरांत त्या राबतात, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या आरोग्यतपासणीची, वाहनाची आणि योग्य मोबदल्याची सोय संस्थेने करावी.

यासाठी पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न व्यापारी मनात येणारच. बाजारपेठेत पूर्वी प्रत्येक व्यवहारामागे ‘धर्मादाय’ म्हणून काही पैसे बाजूला काढण्याची रीत होती. अनेक पांजरपोळ त्यावर चालले. मुंबईचे पांजरपोळ १८३४ पासून आहे. त्याच रीतीने, यंत्रासाठी आलेल्या प्रत्येक देणगीतून शंभरामागे पाच रुपये ते यंत्र चालवणाऱ्यांच्या स्वास्थ्यासाठी राखून ठेवावेत. ताळेबंदात यंत्राच्या घसाऱ्याखालीच ‘सेवक स्वास्थ्य निधी’ अशी एक ओळ यावी. वार्षिक सभेत लेखापरीक्षकाने त्या ओळीवरही बोलावे.

थकलेल्या मुक्या जनावरालाही विसावा हवा, हे ज्या समाजाला इतक्या लवकर उमगले, त्याला थकलेल्या माणसाचे मन समजावून सांगण्याची गरज पडू नये. औषधदान आणि अभयदान या दोन्ही दानांना परंपरेने श्रेष्ठ मानले आहे. पहिले दान रुग्णाला मिळते, पण ते ज्याच्या हातून मिळते त्या हातांना दुसऱ्या दानाची आवश्यकता आहे. मार खाण्याचे भय, मदत मागितली तर नाव जाण्याचे भय, रात्री एकटीने जिना उतरण्याचे भय, या सर्वांतून त्यांना मुक्त करणे हे अभयदानच आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या अखेरीस अशी एक खोली बांधून तयार झाली आणि तिची किल्ली एखाद्या ज्येष्ठ परिचारिकेच्या हाती दिली गेली, तर या वर्षाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.